आधी जखम, मग नियम

१७ मार्च १९६२. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरचं केन्सिंग्टन ओव्हल मैदान. भारतीय संघ दौऱ्यावर होता. पहिल्या दोन कसोट्या हरून झाल्या होत्या. तिसरी सुरू व्हायला आठवडाही उरला नव्हता. मधल्या दिवसांत बार्बाडोसच्या संघाशी एक सामना ठेवलेला. म्हटलं तर सरावाचाच.

सलामीला आला भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर. डावखुरा, चिवट, दुखण्याला न जुमानणारा. तीनच वर्षांपूर्वी, १९५९ साली लॉर्ड्सवर चेंडू लागून बरगडी मोडलेली असताना त्याने ८१ धावा काढल्या होत्या. त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने नुकतीच इंग्लंडविरुद्धची पहिलीवहिली मालिका २-० अशी जिंकली होती. अठ्ठाविसावा वाढदिवस होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. आणि समोर होता उंचापुरा, धिप्पाड चार्ली ग्रिफिथ.

कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तेव्हा ते कुणाच्याच डोक्यावर नसायचं! ग्रिफिथ धावत आला आणि नेमकी त्याच वेळी समोरच्या पॅव्हेलियनमध्ये कुणीतरी खिडकी उघडली. क्षणभर आपलं लक्ष तिकडे गेलं, असं कॉन्ट्रॅक्टरनेच पुढे अनेकदा सांगितलं. पण तो क्षणच महागात पडला. आखूड टप्प्याचा चेंडू उसळून थेट डोक्यावर आदळला.

कवटीला तडा गेला होता. मेंदूवर दाब वाढत होता. तातडीने शस्त्रक्रिया करण्यावाचून इलाज नव्हता. रक्त हवं होतं. रक्त द्यायला पुढे झाला वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल. भारतीय संघातून चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचला. पण कसोटी क्रिकेटचं दार त्याच्यासाठी कायमचं बंद झालं. काही दिवसांतच अवघ्या २१ वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडीच्या खांद्यावर कर्णधारपदाची जबाबदारी येऊन पडली.

ही हकीकत बऱ्याच जणांना ठाऊक असते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. त्याच सामन्यात पंच कॉर्टेझ जॉर्डन यांनी ग्रिफिथचा एक चेंडू नो-बॉल ठरवला. कारण? तो चेंडू टाकलेला नव्हता, फेकलेला होता!

म्हणजे क्रिकेटला सतत छळणारे दोन प्रश्न एकाच सामन्यात एकमेकांसमोर उभे राहिले. एक, धोकादायक चेंडूचा. दुसरा, बेकायदा चेंडूचा. कॉन्ट्रॅक्टरची कवटी फोडणारा चेंडू नियमात बसणारा होता की नव्हता, याचं उत्तर आता कुणीही देऊ शकणार नाही. आणि ते मिळालं असतं तरी जखम काही कमी खोल झाली नसती.

दोन वेगळी पापं

सामना बघताना घरोघरी या दोन गोष्टींची गल्लत होते. ‘केवढा अंगावर टाकतोय, याला नो-बॉल का देत नाहीत?’ असा प्रश्न आजीपासून नातवापर्यंत कुणीही विचारतं. त्याचं उत्तर असं, की धोकादायक असलेला प्रत्येक चेंडू बेकायदा नसतो आणि बेकायदा असलेला प्रत्येक चेंडू धोकादायक नसतो.

बाउन्सर, म्हणजे आखूड टप्प्यावरून छाती-डोक्यापर्यंत उसळणारा चेंडू, ठरावीक मर्यादेत पूर्णपणे नियमाला धरून असतो. तो तर वेगवान गोलंदाजाचं हत्यारच! उलट कोपर वाकवून फेकलेला फिरकी चेंडू कुणाचं बोटही दुखावणार नाही, पण तो बेकायदा असतो. कारण क्रिकेटमध्ये चेंडू ‘टाकायचा’ असतो, दगडासारखा ‘फेकायचा’ नसतो. आपल्या गल्लीतली पोरंही ‘फेकतोय, फेकतोय!’ म्हणून भांडतात ती याच कारणासाठी.

मजा अशी, की कायदा आणि बेकायदा यांच्यातली रेघ कधीच एका जागी थांबलेली नाही. आज ज्याला आपण साधी गोलंदाजी म्हणतो ती, म्हणजे हात खांद्यावरून आणून चेंडू टाकणं, एकेकाळी गुन्हा होती. क्रिकेटची सुरुवात झाली ती हात कमरेखाली ठेवून टाकलेल्या चेंडूने. पुढे गोलंदाजांनी हात थोडा थोडा वर न्यायला सुरुवात केली. ऑगस्ट १८६२ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर एडगर विल्शर नावाच्या गोलंदाजाचा हात खांद्याच्या वर जातो म्हणून पंच जॉन लिलीव्हाइट यांनी लागोपाठ सहा चेंडू नो-बॉल ठरवले. विल्शर रागावून मैदानाबाहेर निघून गेला आणि त्याच्यामागोमाग त्याचे व्यावसायिक सहकारीही गेले. दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, नियम बदलला आणि हात कितीही उंच नेण्याची मुभा मिळाली. कालचा गुन्हा आजचा शिरस्ता झाला.

त्या वेळी नियम बदलायला एक भांडण पुरलं. धोकादायक चेंडूच्या बाबतीत मात्र क्रिकेटने दर वेळी कुणीतरी रक्तबंबाळ होण्याची वाट पाहिली.

मुंबईत जन्मलेला खलनायक

१९३२-३३ साली इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात गेला. कर्णधार होता डग्लस जार्डिन. या माणसाचा जन्म मुंबईचा. डॉन ब्रॅडमन नावाच्या धावांच्या यंत्राला कसं थोपवायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने उपाय काढला तो असा, की लेग साइडला फलंदाजाभोवती क्षेत्ररक्षकांचं कडं उभं करायचं आणि हॅरॉल्ड लारवूडसारख्या तुफानी गोलंदाजाने शरीराच्या रोखाने आखूड चेंडू टाकत राहायचं. फलंदाजाने बॅट मध्ये घातली तर झेल आणि नाही घातली तर चेंडू अंगावर. ‘बॉडीलाइन’ हे नाव त्याला तिथल्या वर्तमानपत्रांनी दिलं.

जानेवारी १९३३ मध्ये अॅडलेडच्या कसोटीत प्रकरण पेटलं. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार बिल वुडफुल याच्या छातीवर, हृदयाजवळ, चेंडू आदळला. नंतर यष्टिरक्षक बर्ट ओल्डफिल्डच्या कवटीला तडा गेला. प्रेक्षक खवळले. दोन देशांच्या क्रिकेट मंडळांमध्ये तारांची लढाई जुंपली. हे वागणं खिलाडूपणाचं नाही, असं ऑस्ट्रेलियाने थेट तारेने कळवलं.

इंग्लंडने ती मालिका ४-१ अशी जिंकली. लारवूडने ३३ बळी घेतले. आणि त्यानंतर तो एकही कसोटी खेळला नाही! माफी मागायला त्याला सांगण्यात आलं. ‘कर्णधाराचा हुकूम पाळला, त्यात माझं काय चुकलं?’ अशी त्याची भूमिका होती. त्याने माफी मागितली नाही. हुकूम देणारा जार्डिन मात्र कर्णधारपदावर राहिला. इतकंच नव्हे, तर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतातली पहिली कसोटी झाली, तेव्हा पाहुण्यांचा कर्णधार तोच होता. खाणीत काम केलेल्या गोलंदाजाला शिक्षा आणि उच्चभ्रू कर्णधाराला अभय, असा हा न्याय! पुढे १९५० मध्ये लारवूड कुटुंबकबिल्यासह राहायला गेला तो कुठे, तर ऑस्ट्रेलियात. ज्यांना त्याने जायबंदी केलं होतं त्यांच्याच देशाने त्याला सामावून घेतलं.

बॉडीलाइननंतर फलंदाजाच्या शरीरावर असा थेट हल्ला करण्यावर बंदी आली. पुढे १९५७ मध्ये लेग साइडला यष्टींच्या रेषेमागे दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक ठेवायचे नाहीत, असा नियम आला. तो आजही आहे. पण नियम पुस्तकात असला म्हणून मैदानावर उतरतोच असं नाही.

सबिना पार्कची पाच नावं

एप्रिल १९७६. भारताने पोर्ट ऑफ स्पेनला चौथ्या डावात ४०६ धावा करून वेस्ट इंडीजला हरवलं. गावसकर, विश्वनाथ यांची शतकं झाली. तो विजय आपल्याकडे अजून आठवला जातो. यजमान कर्णधार क्लाइव्ह लॉइडला तो जिव्हारी लागला. फिरकी गोलंदाजांवरचा त्याचा विश्वासच उडाला. जमैकातल्या सबिना पार्कवर पुढच्या कसोटीत त्याने वेगवान गोलंदाजांचा ताफा उतरवला. त्यात होता तरणाबांड मायकल होल्डिंग.

गावसकर आणि अंशुमन गायकवाड यांनी भारताला भक्कम सुरुवात करून दिली. मग सुरू झाला बाउन्सरचा मारा. मागोमाग अंगावर झेपावणारे चेंडू आणि ‘आणखी, आणखी’ म्हणून ओरडणारे प्रेक्षक. गायकवाड तासन्‌तास उभा राहिला. अंगावर किती चेंडू झेलले याची मोजदाद नाही. शेवटी ८१ धावांवर असताना चेंडू कानावर बसला आणि त्याला इस्पितळात न्यावं लागलं. ब्रिजेश पटेलच्या तोंडावर चेंडू लागला. विश्वनाथचं बोट दुखावलं. कर्णधार बिशनसिंग बेदीने ६ बाद ३०६ वर डाव घोषित केला, तो धावा पुरेशा झाल्या म्हणून नव्हे. तळाचे फलंदाज उभे केले तर त्यांचे हात-पाय शाबूत राहतील याची खात्री नव्हती म्हणून!

दुसऱ्या डावात ५ बाद ९७ वर भारताचा खेळ आटोपला. बेदी आणि चंद्रशेखर यांच्याही हातांना क्षेत्ररक्षण करताना दुखापत झाली होती. धावफलकावर पाच नावांपुढे एकच शेरा होता, दुखापतीमुळे गैरहजर. कसोटीच्या इतिहासात असा धावफलक शोधून सापडायचा नाही.

आता प्रश्न असा, की नियम कुठे होता? फलंदाजाला धाक घालण्यासाठी सतत आखूड चेंडू टाकणं गैर आहे, असं तेव्हाच्या नियमांतही म्हटलेलं होतं. ते गैर आहे की नाही हे ठरवायचं मात्र पंचांनी. पंच गप्प राहिले आणि नियम पुस्तकातच राहिला. षटकात किती बाउन्सर टाकायचे याची नेमकी संख्या ठरवायला १९९१ साल उजाडावं लागलं. आधी एका षटकात एका फलंदाजाला एक, मग १९९४ पासून कसोटीत षटकाला दोन. तोवर वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजीचा सुवर्णकाळ उताराला लागला होता.

अंशुमन गायकवाड ३१ जुलै २०२४ रोजी गेले. त्यांच्याबद्दल लिहिताना सगळ्यांनी सबिना पार्कच्या त्या ८१ धावांची आठवण काढली. पाकिस्तानविरुद्ध जालंधरला त्यांनी काढलेल्या २०१ धावा त्यामानाने मागे राहिल्या. पुष्कळदा खेळाडूच्या वाट्याला विक्रमापेक्षा जखमेचीच ओळख जास्त येते.

हेल्मेट आलं, भीती गेली का?

फलंदाजाला वाचवायला शेवटी नियमाच्या आधी धावून आलं ते हेल्मेट. केरी पॅकरच्या बंडखोर सामन्यांत डेनिस अॅमिसने मोटारसायकलच्या टोपासारखं अवजड हेल्मेट घातलं. अधिकृत कसोटीत ते पहिल्यांदा घातलं ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहॅम यॅलपने, मार्च १९७८ मध्ये. मैदान कुठलं? ब्रिजटाउनचंच! जिथे कॉन्ट्रॅक्टर कोसळला होता तिथेच सोळा वर्षांनी पहिलं हेल्मेट उतरलं. प्रेक्षकांनी यॅलपची हुर्यो उडवली म्हणे. डोकं सांभाळणाऱ्याला भित्रा ठरवण्याची हौस जगात सगळीकडे सारखीच.

आपल्या संदीप पाटीलला ही गोष्ट जानेवारी १९८१ मध्ये कळली. सिडनी कसोटीत ६५ धावांवर खेळत असताना लेन पास्कोचा उसळता चेंडू कानाजवळ लागला आणि तो खाली कोसळला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आता हा दौऱ्यात पुन्हा उभा राहत नाही, असंच वाटत होतं. पण त्याच महिन्यात अॅडलेडला, या वेळी हेल्मेट घालून, त्याने त्याच गोलंदाजांना धुऊन काढत १७४ धावा ठोकल्या. शिवाजी पार्कच्या पोराचा तो जवाब होता. पण त्यातला शहाणपणाचा भाग शतकापेक्षाही मोठा होता. मार खाल्ल्यावर तो परत उभा राहिला हे खरंच, पण डोकं झाकून उभा राहिला!

वाकडा हात, सरळ हात

आता वळू या बेकायदा चेंडूकडे. ग्रिफिथवर फेकीचा शिक्का बसला तरी तो पुढे कैक वर्षं खेळला. ऑस्ट्रेलियाच्या इयान मेकिफचं नशीब तेवढं बलवत्तर नव्हतं. डिसेंबर १९६३ मध्ये ब्रिस्बेनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पंच कॉल इगर यांनी त्याला एकाच षटकात चार वेळा फेकीबद्दल नो-बॉल दिला. कर्णधार रिची बेनॉने त्याला पुन्हा चेंडू दिला नाही. त्या एका षटकाने त्याची कारकीर्द संपली.

आपल्या पिढीला आठवतो तो मुथय्या मुरलीधरन. २६ डिसेंबर १९९५, मेलबर्न. पंच डॅरेल हेअर यांनी भरल्या मैदानात सात वेळा हात आडवा केला. मुरलीचा हात जन्मापासूनच कोपरात पूर्ण सरळ होत नाही. मग तो फेकतो की टाकतो? अर्धं जग एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला.

इथे नियम नीट समजून घ्यायला हवा. कोपर वाकलेलं असणं हा गुन्हा नाही. वाकलेलं कोपर, हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंतच्या क्षणात सरळ करणं, हा गुन्हा. कारण त्या झटक्यातून दगड फेकणाऱ्याला मिळते तशी ताकद मिळते. पण हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं. नुसत्या नजरेने ते ठरवायचं तरी कसं?

उत्तर मिळालं प्रयोगशाळेत. हातावर खुणा चिकटवून, अनेक कॅमेरे लावून कोपराचा कोन मोजायला सुरुवात झाली. तेव्हा भलतंच सत्य बाहेर आलं. ज्यांच्यावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं असे नामांकित गोलंदाजही कोपर थोडं सरळ करत होते! जवळजवळ सगळेच करत होते, कमी-अधिक इतकंच. म्हणून २००५ पासून मर्यादा ठरली १५ अंशांची. त्याच्या आत असेल तर चेंडू टाकलेला, पलीकडे गेला तर फेकलेला. मुरलीधरनने जुलै २०१० मध्ये गॉल इथे भारताच्या प्रग्यान ओझाला बाद करून ८०० बळी पुरे केले आणि कसोटीचा निरोप घेतला. मेकिफच्या काळात असे कॅमेरे असते तर त्याचं काय झालं असतं, कोण जाणे!

प्रयोगशाळेने एक गोष्ट मात्र चांगली केली. पूर्वी संशय आला की गोलंदाज भर मैदानात बदनाम व्हायचा. आता तक्रार होते, तपासणी होते, हात सुधारून परत येण्याची संधी मिळते. निदान या बाबतीत नियम माणसाच्या बाजूने झुकला.

कर्णधाराचा हात

सगळ्यात भीतिदायक चेंडू बाउन्सर नव्हे, बीमर. जमिनीला न लागता थेट डोक्याच्या रोखाने येणारा फुलटॉस. फलंदाजाची नजर टप्प्यावर असते. इथे टप्पाच नसतो, त्यामुळे चेंडू दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आज कमरेच्या वर आलेला असा चेंडू सरळ नो-बॉल ठरतो. तो धोकादायक आहे असं पंचांना वाटलं तर गोलंदाजाला ताकीद मिळते आणि पुन्हा तसाच पडला तर त्या डावापुरती गोलंदाजी बंद. २००३ च्या विश्वचषकात पाकिस्तानचा कर्णधार वकार युनूस याला अँड्र्यू सायमंड्सला दोन बीमर टाकल्याबद्दल जोहान्सबर्गला असंच थांबवण्यात आलं.

पण या नियमाच्या कितीतरी आधी, भारतातच, एका कर्णधाराने स्वतःचा नियम लावला होता. १९५८-५९ चा मोसम. वेस्ट इंडीजचा संघ इथे आला होता. रॉय गिलख्रिस्ट हा त्यांचा सर्वात वेगवान आणि सर्वात भडक डोक्याचा गोलंदाज. अमृतसरला उत्तर विभागाविरुद्धच्या सामन्यात त्याने स्वरणजीत सिंगवर बीमरचा मारा सुरू केला. कर्णधार गेरी अलेक्झांडर आणि स्वरणजीत केंब्रिजपासूनचे ओळखीचे. अलेक्झांडरने गिलख्रिस्टला हे बंद करायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही. अलेक्झांडरने काय करावं? आपल्या हुकमी गोलंदाजाला त्याने थेट मायदेशी धाडून दिलं! संघ पुढे पाकिस्तानला गेला, तो गिलख्रिस्टशिवाय. १३ कसोट्यांत ५७ बळी घेतलेला गिलख्रिस्ट पुन्हा कधीच कसोटी खेळला नाही.

याच्या नेमकं उलट उदाहरण १ फेब्रुवारी १९८१ चं. मेलबर्नवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल याने गोलंदाजी करणाऱ्या धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू हाताखालून सरपटत टाकायला लावला. तेव्हा ते नियमात बसत होतं. त्या चेंडूने कुणाला ओरखडाही आला नाही. पण क्रिकेटची लाज गेली आणि नियम बदलावा लागला. ऑगस्ट २०१० मध्ये डंबुलाला वीरेंद्र सेहवाग ९९ वर असताना सूरज रणदिवने मुद्दाम मोठा नो-बॉल टाकला. भारत जिंकला, सेहवागचा षटकार वाया गेला, शतक राहिलं. रणदिवला एका सामन्याची बंदी झाली. कायदेशीर चेंडूही लाजिरवाणा असू शकतो आणि बेकायदा चेंडूही निव्वळ कोता. फरक ठरवतो तो चेंडूमागचा माणूस.

सिडनीची ती दुपार

इतके नियम झाले, हेल्मेट आलं, बाउन्सर मोजले जाऊ लागले. तरीही २५ नोव्हेंबर २०१४ ची दुपार टळली नाही. सिडनीच्या मैदानावर देशांतर्गत सामन्यात फिलिप ह्यूज ६३ वर खेळत होता. शॉन अॅबटचा बाउन्सर. ह्यूजने पुलचा फटका मारला, चेंडू चुकला आणि हेल्मेटच्या खाली, मानेवर बसला. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फुटली. दोन दिवसांनी तो गेला. तीन दिवसांनी त्याचा सव्विसावा वाढदिवस होता.

२०१६ मध्ये चौकशी झाली. त्या दिवशी टाकलेल्या २३ बाउन्सरपैकी २० ह्यूजच्या वाट्याला आले होते, हे तिथे नोंदलं गेलं. पण नियम कुणीच मोडला नव्हता. दोष कुणाचाच नव्हता, असा निष्कर्ष निघाला. चेंडू टाकणारा अॅबट तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्या मुलाचं काय झालं असेल? ज्या चेंडूसाठी गोलंदाजाला लहानपणापासून शाबासकी मिळत आली, त्याच चेंडूने समोरचा माणूस गेला. ह्यूजच्या शोकात बुडालेल्या क्रिकेटजगताने अॅबटलाही जवळ घेतलं, हे त्या काळ्या दिवसांतलं त्यातल्या त्यात उजळ चित्र.

त्यानंतर मानेच्या संरक्षणाची पट्टी आली. १ ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू पूर्णपणे खेळवण्याची परवानगी मिळाली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला आणि मार्नस लाबुशेन हा पहिला असा बदली खेळाडू ठरला. नियमांत आता हेही लिहिलेलं आहे, की चेंडू धोकादायक आहे की नाही हे ठरवताना फलंदाजाने हेल्मेट घातलंय याचा विचार पंचांनी करायचा नाही, पण त्याचं फलंदाजीतलं कसब किती हे मात्र बघायचं. शहाणपण आलं, पण पुन्हा एकदा जखमेच्या मागून.

हे सगळं मोठ्या मैदानावरचं. पण प्रश्न आपल्या घरातही येतो. मुलगा-मुलगी टेनिस चेंडूवरून चामड्याच्या चेंडूवर जातात, तेव्हा आई-वडील बॅटच्या किमतीवर हुज्जत घालतात आणि हेल्मेट मात्र मोठ्या भावाचं चालवून घेतात. डोक्यावर नीट न बसणारं हेल्मेट नसल्यातच जमा. जोराचा फटका बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायला हवं. आणि डोक्याला चेंडू लागला तर ‘काही नाही रे, खेळ पुढे’ असं म्हणणाऱ्या मोठ्यांना तिथेच थांबवायला हवं. त्या दिवसापुरता खेळ बंद, आधी डॉक्टर. सामने रोज होतात.

नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात १९६२ मध्ये बसवलेली धातूची पट्टी काढण्यात आली ती २०२२ मध्ये. साठ वर्षं त्यांनी तो चेंडू डोक्यात बाळगला. पण ग्रिफिथला त्यांनी कधी दोष दिला नाही. आपलंच लक्ष विचलित झालं, एवढंच ते सांगत राहिले. आणि त्यांना रक्त देणारा फ्रँक वॉरेल? तो १९६७ मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेला, रक्ताच्याच कर्करोगाने. त्याच्या आठवणीत १९८१ पासून कोलकात्याला बंगालची क्रिकेट संघटना ३ फेब्रुवारीला रक्तदान भरवते. बार्बाडोसच्या त्या चेंडूने एक कसोटी कारकीर्द संपवली. त्या दिवशी पुढे झालेल्या हातामुळे मात्र आजही कुणा अनोळखी माणसाला रक्त मिळतं.